कामामुळे होणारे हृदयविकार: आकडे कुठे हरवतात?

कोल्हापूर जिल्ह्यात कामाच्या परिस्थितीमुळे हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन वर्षाला किती जण दगावतात? प्रश्न साधा आहे, पण मृत्यूच्या सरकारी नोंदींतून त्याचे उत्तर काढता येत नाही. हे आकडे का सापडत नाहीत आणि त्यासाठी आपण काय करू शकतो, ते पाहू.

कामाचा हृदयाशी काय संबंध?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीजवळ काम करताना खूप घाम जातो. शरीरातील पाणी कमी होते आणि त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी हृदयाला जोराने काम करावे लागते. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढेही हेच होते. कोळसा किंवा कोक जळताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा घेतो. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या असतील तर त्यामुळे छातीत दुखू शकते.

इचलकरंजीच्या यंत्रमागांचा सततचा आवाज शरीराला ताणाखाली ठेवतो आणि रक्तदाब वाढायला हातभार लावतो. रात्रपाळीत झोप व जेवणाच्या वेळा बिघडतात. तासन् तास उभे राहिल्याने पायाच्या शिरा फुगतात. हातात धरायच्या ग्राइंडरच्या कंपनामुळे काहींची बोटे थंडीत पांढरी पडतात. हा रक्ताभिसरणाचाच आजार आहे.

मग नोंद का होत नाही?

पहिले कारण कायद्यातील यादी. कारखान्यांना लागू असलेल्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २९ व्यवसायजन्य रोग आहेत. त्यातील रुग्ण आढळला तर डॉक्टरांनी कळवणे बंधनकारक असते. यादीत सिलिकोसिस आहे, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आहे, आवाजामुळे येणारा बहिरेपणाही आहे. हृदयविकाराचा झटका मात्र नाही. म्हणजे यंत्रमागाच्या आवाजाने कान गेला तर तो व्यवसायजन्य रोग, पण त्याच आवाजाने रक्तदाब वाढला तर तो कामगाराचा खासगी आजार ठरतो.

दुसरे कारण मृत्यूची कागदपत्रे. डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे जे प्रमाणपत्र भरतात, त्यात व्यवसायाचा रकानाच नसतो. मृत्यूनोंदणीच्या अर्जात तो असतो, पण तिथे बहुतेक वेळा ‘मजुरी’ किंवा ‘नोकरी’ एवढेच लिहिले जाते. भट्टीवर की कार्यालयात, दिवसा की रात्री, किती वर्षे, हे कुठेच येत नाही.

शिवाय देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्क्यांचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश मृत्यू रक्ताभिसरण संस्थेच्या आजारांचे होते. अनेक प्रमाणपत्रांवर नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिलेले असते. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. ते का पडले, हे त्यातून कळत नाही.

संशोधक मग काय करतात?

ज्या संस्थेकडे सर्व कर्मचाऱ्यांची यादी असते, तिथे हे काम सोपे होते. लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांवर जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसमध्ये जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला.

आपल्याकडे पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ मधील रेल्वे कर्मचाऱ्यांचे मृत्यू तपासले. दक्षिण भारतातील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण उत्तरेपेक्षा सुमारे सातपट होते. हे समजले, कारण किती जण दगावले याबरोबरच एकूण किती जण नोकरीत होते, हेही रेल्वेला माहीत होते. फौंड्रीतील कंत्राटी कामगार किंवा ऊसतोड मजूर यांची अशी पक्की यादी मिळणे अवघड असते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अंदाज मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त होता. यंत्रमागावरील बारा तासांची पाळी आठवड्यातून सहा दिवस केली तर ७२ तास होतात.

आकडे वाचताना

‘३५ टक्के जास्त’ म्हणजे शंभरातील ३५ जणांना पक्षाघात होतो असे नाही. समजा, एका गटात हजारात २० जणांना होत असेल, तर दुसऱ्या गटात तो २७ जणांना होईल.

कारखान्यात पाहणी केली तर कामगार अनेकदा धडधाकट दिसतात. याचे एक कारण म्हणजे आजारी पडलेला माणूस काम सोडून गेलेला असतो. परप्रांतीय कामगार गावी परततो आणि त्याचा आजार दुसऱ्याच राज्यात नोंदला जातो. तंबाखू, मधुमेह, आनुवंशिकता यांचाही वाटा असतो, पण म्हणून कामाचा वाटा शून्य होत नाही.

आपण काय करावे?

• डॉक्टरांना फक्त ‘नोकरी करतो’ असे सांगू नका. नेमके काम, पाळी, आठवड्याचे तास, उष्णता, धूर, आवाज आणि एकूण वर्षे सांगा. केसपेपरवर ते लिहायला सांगा.
• रक्तदाब वर्षातून एकदा तरी तपासा. रात्रपाळी किंवा भट्टीचे काम असेल तर जास्त वेळा तपासा. तारखेसह वही ठेवा.
• कारखान्यातील वैद्यकीय तपासणीचा अहवाल मागून घ्या आणि नोकरी बदलली तरी जपून ठेवा.
• घरात मृत्यू झाल्यास नोंदणी अर्जात व्यवसाय नेमका लिहा. ‘मजुरी’ऐवजी ‘फौंड्रीत भट्टीवर काम’ असे लिहिता येते.
• कामावर असताना झटका आला तर काही वेळा नुकसानभरपाई मागता येते. मात्र कामाचा आणि आजाराचा संबंध दाखवावा लागतो. तेव्हा वरील कागद उपयोगी पडतात.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळा पडणे यांपैकी काहीही झाल्यास पाळी संपण्याची वाट पाहू नका. काम थांबवा आणि लगेच १०८ वर फोन करा.