बोटभर तिकिटावरचे सेनापती

स्वातंत्र्याच्या बंडाचे चित्र पाहायला संग्रहालयच गाठायला हवे असे नाही. १९७७ साली टपाल खात्याने आपल्या पारनेरच्या सेनापती बापटांचे तिकीट काढले आणि ते पत्रांवरून गावोगाव गेले. पण बोटभर कागदावर मावते ती मुद्रा. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकलेले आणि परतल्यावर पारनेरचे रस्ते झाडणारे हात त्यात कसे मावणार? १९२१ साली मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी ते शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, तुरुंगात गेले. तरी धरण झालेच, जमिनी बुडाल्या. जुन्या ट्रंकेत ते तिकीट सापडलेच, तर मुलांना चेहऱ्याबरोबर ही हकिकतही सांगा. चित्र जपले आणि हकिकत विसरली, तर हाती उरतो नुसता कागद.