हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे

'माझ्यावर विश्वास नाही का?' हे वाक्य कानावर पडले की बहुतेक माणसे गप्प बसतात. भावाभावांतली जमीन असो, भिशीचे पैसे असोत की सोसायटीचा देखभाल निधी. हिशेब विचारणारा संशयी ठरतो आणि न विचारणारा मोठ्या मनाचा. रोजच्या व्यवहारात विश्वास टाकणे म्हणजे चौकशी सोडून देणे, असेच आपण धरून चालतो. कायदा मात्र उलट्या बाजूने पाहतो. ज्याच्यावर विश्वास जास्त, त्याने उत्तरही जास्त द्यायचे, असा तिथला नियम आहे. कायद्याचा हा अर्थ आपण घरात आणायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

१८८२ चा भारतीय न्यास अधिनियम खासगी विश्वस्तांची कर्तव्ये सांगतो. सोपवलेली मालमत्ता स्वतःची असती तर सामान्य शहाण्या माणसाने जितकी जपली असती, तितकी विश्वस्ताने जपली पाहिजे. तिच्यातून त्याने स्वतःचा फायदा काढता कामा नये. चोख हिशेब ठेवायचे, आणि ज्याच्या भल्यासाठी ती मालमत्ता आहे त्याने मागितली की पूर्ण आणि खरी माहिती द्यायची. त्याच्याही आधीचा, १८७२ चा पुरावा कायदा आणखी पुढे गेला. दोघांपैकी एकाचा दुसऱ्यावर भरवसा असेल, तर त्यांच्यातला व्यवहार सचोटीने झाला हे भरवसा मिळवणाऱ्याने सिद्ध करायचे. कायद्याने दिलेले उदाहरण थेट घरातले आहे: नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलाने वडिलांना मालमत्ता विकली आणि पुढे त्या विक्रीवरून दावा लावला, तर तिचा प्रामाणिकपणा वडिलांनी दाखवायचा. याचा अर्थ बाप लबाड असतो असा नव्हे. मुलगा बापाला प्रश्न विचारणार नाही हे ओळखून कायद्याने तो प्रश्न मुलाच्या वतीने विचारून ठेवला आहे.

लग्नातल्या दागिन्यांबाबत तर दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळतात. नवी सून सासरी येते, आणि सोने 'सांभाळायला' म्हणून सासूच्या कपाटात जाते. त्याची यादी करायला कोणी धजत नाही. तशी यादी मागणे हाच अपमान समजला जातो. पुढे संसार मोडला की त्या दागिन्यांचे काय? पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८२ मध्ये म्हटले होते की, असे स्त्रीधन एकदा सासरी आले की ते पती-पत्नीच्या संयुक्त ताब्यातले होते, त्यामुळे सर्वसाधारणपणे विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये बहुमताने हे मत खोडून काढले. स्त्रीधनाची मालक पत्नीच. पतीकडे किंवा सासरच्यांकडे ते सोपवले असेल आणि त्यांनी बेइमानीने परत दिले नाही, तर तो गुन्हा होतो. १९९७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हीच भूमिका कायम ठेवली. पण हक्क असणे वेगळे आणि तो शाबीत करणे वेगळे. कपाटात काय काय ठेवले होते, याची लेखी नोंद नसेल तर मालकी मान्य होऊनही हात रिकामे राहू शकतात.

अर्थात पैसा हातात दिला की प्रत्येक वेळी तो कायद्याच्या अर्थाने सोपवला जातो, असे नाही. मित्राला उसने दिले तर ते पैसे त्याचे होतात. परत न करणे हा एरवी दिवाणी वाद. बँकेतली ठेवही कायद्याने कर्जच असते: बँक ऋणको आणि आपण धनको. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला अवघे १,००० रुपये काढता येत होते. 'माझेच पैसे मला का मिळत नाहीत?' हा सवाल मनाला पटणारा होता, कायद्याला नव्हे. फेब्रुवारी २०२० पासून बँक ठेवींचे विमासंरक्षण १ लाखावरून ५ लाख रुपयांवर गेले. नागरी सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. ओळखीचा संचालक पाहून पतसंस्थेत आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्याला हा फरक कोणी समजावून सांगत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सगळेच लिहून घेतले तर नाती कोरडी होतील. गावगाडा शब्दावर चालला, कागदावर नाही. खरे आहे. शेजारणीला दिलेल्या वाटीभर साखरेची पावती कोणी मागू नये. पण बचत गटांकडे पाहा. तिथे बायका एकमेकींना वर्षानुवर्षे ओळखतात, तरी बैठकीत वही उघडतात, जमा आणि कर्ज सगळ्यांसमोर वाचतात, पासबुकात नोंद करतात. गट टिकण्याचे ते मोठे कारण आहे. उघड हिशेबाने त्यांच्यातला जिव्हाळा आटला नाही. उलट खजिनदार बाईवर नाहक आळ यायची वेळ टळली. दुसरा आक्षेप असा की कोर्टकचेरीत वर्षे जातात, मग कायद्याचा उपयोग काय? विलंबाची तक्रार रास्त आहे. पण म्हणूनच भांडण व्हायच्या आधी, सगळे गोडीत असताना केलेली साधी यादी मोलाची. तिच्यामुळे अनेकदा कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही.

सार्वजनिक पैशाला तर भिडेची सबब चालूच नये. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली महाराष्ट्रातल्या देवस्थानांची आणि सार्वजनिक न्यासांची नोंदणी होते, त्यांनी हिशेब ठेवायचे असतात, आणि स्थावर मालमत्ता विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गृहनिर्माण संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तुमच्या सोसायटीची सूचना आली की ताळेबंद आधी वाचा, सभेला जा, आणि जो खर्च समजला नाही तो सचिवांना सगळ्यांसमोर विचारा. घरात लग्न ठरले असेल तर दागिन्यांची यादी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्यांनिशी करून ठेवा.