घरातील डेटा जातो कोठे?

राजपुरी खाडीच्या दक्षिण काठी, आगरदांड्यासमोर वसलेल्या दिघीत इंटरनेट ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा सारा किनारा झोडपला. विजेबरोबर दूरध्वनीही मुके झाले. त्याच वर्षी शाळाही पडद्यावर आली. अशा गावी महिन्याचा डेटा विसाव्या तारखेसच आटला, की बँकेचे काम, मुलांचा अभ्यास आणि मुंबईस असलेल्या लेकाशी होणारे बोलणे, सारेच रखडते. मग घरात आरोपीचा शोध सुरू होतो, आणि तो बहुधा मोबाइलवर क्रिकेट पाहणाऱ्या नातवापाशी येऊन थांबतो.

हा न्याय घाईचा आहे, असे आमचे मत आहे. नातू अगदीच निर्दोष असतो असे नव्हे. उत्तम दर्जाच्या चित्रास तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. दर्जा उतरविला तर एका जीबीच्या आतही भागते. परंतु तो निदान सर्वांच्या देखत खर्च करतो. खरा उधळ्या पुष्कळदा असा असतो, की ज्याच्यापुढे कोणी बसलेलेच नसते. वृद्ध आईवडिलांच्या आणि वाडीच्या काळजीने चाकरमानी मंडळी गावच्या पडवीत कॅमेरा लावून जातात. सेकंदाला एक मेगाबिट अशा बेताच्या गतीनेही तो अखंड चित्र पाठवीत राहिला, तर दिवसाकाठी १०.८ जीबी आणि महिन्याकाठी ३२४ जीबी खर्ची पडतात. (आठ बिटांचा एक बाइट आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद, शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचे यात काही नाही.) घरात आलेला डेटाच तेवढा मोजला जातो, हा समज चुकीचा आहे. अनेक योजनांत बाहेर गेलेलाही मोजला जातो. फोनमधील छायाचित्रे आपोआप दूरच्या साठ्यात जातात आणि संगणक रात्री आपली नवी आवृत्ती उतरवून घेतो, तोही खर्च याच खात्यावर पडतो.

शोधाची रीत पाण्याच्या गळतीसारखीच आहे. रात्री सर्व उपकरणे राउटरपासून तोडावीत, कंपनीच्या ॲपमधील आकडा टिपावा व सकाळी पुन्हा पाहावा. आकडा बराच वाढलेला दिसला, तर परवलीचा शब्द शेजारीपाजारी पोहोचला असावा. तो त्वरित बदलावा. न वाढल्यास एकेक उपकरण एकेक दिवस जोडून पाहावे. चोर आठवड्याभरात सापडतो.

कंपनीचे माप मात्र घराच्या उंबरठ्यावरच थांबते. आत कोणत्या उपकरणाने किती घेतले, हे सांगू शकेल तर राउटरच. आणि पुष्कळ घरांत त्याचा प्रवेशशब्द जोडणी देणाऱ्या माणसाच्याच खिशात असतो. ही स्थिती आम्हांस मुळीच मान्य नाही. जोडणीच्या दिवशीच तो शब्द ग्राहकाच्या हाती पडावा, आणि कंपनी जो राउटर देते त्यात उपकरणवार हिशेबाची सोय असावी. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये ज्या दिघीसाठी औद्योगिक स्मार्ट शहर मंजूर केले, तेथील रहिवाशांनी घरातल्या एका डबीचा हिशेब मागणे अवाजवी खासच नव्हे.

तोवर पडवीतील कॅमेऱ्यास हालचाल दिसेल तेव्हाच चित्र पाठविण्याची आज्ञा देऊन ठेवावी. रिकामे अंगण अष्टौप्रहर मुंबईस दाखविण्याचे काही कारण नाही.