वाहन परवान्याची परीक्षा : टेंभुर्णीच्या व्यापाऱ्यांनी तयारी कशी करावी?

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णीतून अकलूज, पंढरपूर व कुर्डूवाडीकडे वाटा फुटतात. त्यामुळे फळांचा व्यापारी असो, फर्निचरचा कारागीर असो की आठवडी बाजार करणारा कापडवाला, प्रत्येकाला स्वतःचा छोटा टेम्पो हवा असतो. कर्ज काढून टेम्पो येतो. परवाना मात्र "करू सावकाश" म्हणून राहतो आणि किल्ली भाच्याच्या हाती जाते.

हा हिशेब महागात पडतो. बिनपरवाना चालकाकडून अपघात झाल्यास विमा कंपनी मालकाच्या गाडीची भरपाई नाकारते, आणि जखमीला दिलेली रक्कमही मालकाकडून वसूल करू शकते. दुकान विकायची पाळी येते ती अशी.

एक गैरसमज आधी दूर करू. छोट्या टेम्पोसाठी वेगळा परवाना लागतो, असे पुष्कळांना वाटते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की हलक्या मोटारीचा परवाना असणाऱ्यास मालासह एकूण वजन 7,500 किलोच्या आत असलेले मालवाहू वाहनही चालवता येते. धोकादायक मालाची गाडी यात येत नाही. जड ट्रकचा परवाना निराळा. त्यासाठी असलेली आठवी उत्तीर्णची अट 2019 मध्ये रद्द झाली. शाळा अर्धवट सुटलेल्या आपल्या मुलांना हे अवश्य सांगावे.

माढा तालुक्याचे काम अकलूजच्या परिवहन कार्यालयाकडे आहे. पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. 2021 पासून आधारच्या साहाय्याने ही लेखी परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. शेकडा 60 उत्तरे बरोबर हवीत. घरबसल्या म्हणून एजंटाला बसवू नये. प्रश्न सोपे आहेत आणि पुढे रस्त्यावर तेच उपयोगी पडतात. गोल फलक आज्ञेचे, त्रिकोणी इशाऱ्याचे, चौकोनी माहितीचे, एवढे ध्यानात ठेवल्यास निम्मे काम होते. अष्टकोनी 'थांबा' आणि उलट्या त्रिकोणाचा 'वाट द्या' हे दोन मात्र आज्ञेचेच. गोंधळ येथेच होतो.

शिकाऊ परवाना 6 महिने चालतो. 30 दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. हे दिवस खरोखर शिकण्यात घालवावेत. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावावा व शेजारी परवानाधारक बसवावा. ऊस हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. सराव पहाटे मोकळ्या जागेत सुरू करून मगच महामार्गाकडे वळावे.

चाचणीला त्याच प्रकारचे वाहन स्वतः न्यावे लागते. विमा व पीयूसी सोबत असावी. आपली मुले वर्षानुवर्षे गाडी हाकतात, तरी नापास होतात. कारण हात बसलेला असतो, सवय नसते. निघण्यापूर्वी आरसा नीट करणे, वळण्याआधी इशारा देणे, चढावर गाडी मागे न घसरू देता उचलणे, उलटी गाडी सरळ घेणे, हे सारे निरीक्षक पाहतो. दुचाकीवर आठाच्या आकड्यात पाय टेकला की संपले.

नापास झाल्यास 7 दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास 60 दिवस थांबावे लागते. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांचे प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवावे, म्हणजे अकलूजची एक खेप वाचेल.