कव्हर गाण्यातल्या नव्या ओळी कोणाच्या?

दुसऱ्याचे गाणे पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित केले की त्याला कव्हर म्हणतात. गाताना गायक कधी एखादा शब्द बदलतो, कधी दोन ओळींची भर घालतो, कधी अख्खे कडवे नवे रचतो. अशा वेळी गीतकार म्हणून त्याचेही नाव लागत असणार, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते क्वचितच लागते. गाण्यात कोणी किती भर घातली, यावर हे श्रेय ठरत नाही. गाणे कोणाच्या मालकीचे आहे आणि त्या मालकाने कशाला संमती दिली, यावर ते ठरते.

'रिस्पेक्ट' या गाण्याची हकीकत इथे सर्वांत बोलकी आहे. ओटिस रेडिंगने ते लिहिले आणि १९६५ मध्ये गायले. राबून पैसे आणणारा पुरुष घरी परतल्यावर मान मागतो, असे ते मूळ गाणे. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक कंपनीच्या स्टुडिओत अरेथा फ्रँकलिनने ते गायले, तेव्हा मान मागणारी बाई झाली आणि गाण्याचा रोखच फिरला. शीर्षकाचा शब्द एकेक अक्षर सुटे करून उच्चारण्याची जी जागा आज जगभर ओळखली जाते, ती रेडिंगच्या गाण्यात नव्हतीच. मागे अरेथाच्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, जे पालुपद झपाट्याने म्हणत राहतात, तेही नवे. किंग कर्टिसचा सॅक्सोफोन वाजतो तो मधला तुकडासुद्धा नवा. जून १९६७ मध्ये हे गाणे बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच महिन्यात माँटेरीच्या संगीत महोत्सवात खुद्द रेडिंगने रंगमंचावरून सांगितले की हे गाणे एका मुलीने आपल्याकडून नेले. तरीही गीतकार म्हणून नाव एकच राहिले, ओटिस रेडिंग.

हे ऐकून मन खट्टू होते, आणि व्हायलाच हवे. पण त्यात बेकायदा काही नव्हते. बाजारात आलेले गाणे पुन्हा गायला अमेरिकेत मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. रीतसर सूचना देऊन ठरलेली रॉयल्टी भरली की पुरते. १९०९ च्या कायद्यापासून ही सोय आहे. तिच्यामुळे 'एकदा बाजारात आले की गाणे सर्वांचे' असा समज पसरला, आणि घोटाळा तिथेच होतो. सोय आहे ती गाण्याची, गाणे बदलण्याची नाही. १९७६ च्या कायद्याचे ११५ वे कलम गायकाला आपल्या शैलीप्रमाणे गाणे बसवू देते. मूळ चाल आणि गाण्याचा गाभा मात्र बदलू देत नाही. अशा बांधणीवर मालकाच्या स्पष्ट संमतीवाचून स्वतंत्र हक्क मिळत नाही, हेही त्याच कलमात आहे.

'दहा टक्के बदल केला की गाणे नवे होते' असे संगीताच्या वर्तुळात ठामपणे सांगितले जाते. असा कोणताही आकडा ना अमेरिकेच्या कायद्यात आहे, ना भारताच्या. दुसरा समज असा, की न विचारता घातलेल्या ओळी निदान तेवढ्यापुरत्या तरी गायकाच्या मालकीच्या. तेही खरे नाही. अमेरिकी कायद्यात दुसऱ्याच्या कृतीचा बेकायदा वापर ज्या भागात झाला, त्या भागाला संरक्षणच मिळत नाही. संमती घेतली तरी नाव आपोआप लागत नाही. नव्या ओळींचे हक्कही मूळ प्रकाशकाकडे राहतील, अशी अट संमतीपत्रात अनेकदा असते.

एल्विस प्रेस्लीची दोन गाणी शेजारी ठेवली की श्रेय आणि लेखन यांची फारकत स्पष्ट दिसते. 'हाउंड डॉग' हे जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांनी बिग मामा थॉर्नटनसाठी लिहिले. तिने ते १९५२ मध्ये मुद्रित केले. निकम्म्या पुरुषाला बाईने घातलेल्या शिव्या, असा त्याचा बाज होता. पुढे फ्रेडी बेलच्या वाद्यवृंदाने शब्द बदलले, सशाचा उल्लेख घातला आणि गाणे खरोखरच कुत्र्याचे होऊन बसले. एल्विसने १९५६ मध्ये गायले ते हे बदललेले रूप. सशाची ती ओळ लीबरला कधीच आवडली नाही. पण जगभर गाजलेल्या त्या गाण्याचे गीतकार म्हणून नाव लागले ते लीबर आणि स्टोलर यांचेच, बेलचे नाही. त्याच वर्षी 'लव्ह मी टेंडर' आले. त्याची चाल १८६१ च्या 'ऑरा ली' या गाण्याची, शब्द केन डार्बी यांचे. श्रेय मात्र एल्विस आणि डार्बी यांची पत्नी व्हेरा मॅटसन यांच्या नावावर. म्हणजे एका गाण्यात ओळी घालणाऱ्याचे नाव नाही, आणि दुसऱ्यात लिहिणारा सोडून इतरांची नावे आहेत. तबकडीवर छापलेले नाव हा लेखनाचा पुरावा नव्हे. तो कराराचा परिणाम असतो.

संमती आधी घेतली तर चित्र बदलते. 'कोम दाबित्युद' या १९६७ च्या फ्रेंच गाण्याचे हक्क मिळवून पॉल आंका यांनी त्या चालीवर संपूर्ण नवे इंग्रजी शब्द लिहिले. तेच फ्रँक सिनात्राचे 'माय वे'. तिथे मूळ फ्रेंच रचनाकारांबरोबर आंका यांचेही नाव लागते.

अरेथाला 'रिस्पेक्ट'मधून काहीच मिळाले नाही, हा समज दुसऱ्या टोकाचा. विकलेल्या तबकड्यांवर गायकाला कंपनीशी केलेल्या कराराप्रमाणे रॉयल्टी मिळते. फरक पडतो तो रेडिओवर. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले की पैसे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना जातात, गायकाला नाही. डिजिटल प्रसारणासाठी गायकांचा हक्क १९९५ च्या कायद्याने आला. गीतकार म्हणून नाव असणे किती मोलाचे, ते इथे कळते.

भारतात नियम आणखी कडक आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ३१ क हे कलम आले. त्यानुसार मालकाच्या संमतीवाचून कव्हर करण्याची सवलत आहे, पण पहिले ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे ती घेता येत नाही. त्यानंतरही मालकाला आधी कळवावे लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. कमी प्रसाराच्या भाषांसाठी हा आकडा उतरवण्याची तरतूद आहे. मालकाने किंवा त्याच्या संमतीने कोणी पूर्वी न केलेला, अथवा मुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसलेला बदल शब्दांत वा चालीत करता येत नाही. म्हणजे नवे कडवे या सवलतीत बसत नाही. त्यासाठी वेगळी संमती हवी. शिवाय ५७ व्या कलमाने, हक्क विकून टाकल्यावरही, आपल्या रचनेची प्रतिष्ठेला बाध आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार गीतकाराकडे राहतो. कव्हरच्या व्हिडिओखाली 'सर्व श्रेय मूळ कलाकारांना' असे लिहिणे हा चांगुलपणा झाला, परवानगी नव्हे.

भारतीय कायदा शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती मानतो, हे अभंग गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचा कॉपीराइट नाही. त्यात कोणी स्वतःची ओळ जोडली, तर तेवढी ओळ त्याची. आपल्याकडे मात्र शतकानुशतके याच्या नेमके उलट घडत आले. ओळी दुसऱ्याच कोणाच्या आणि मुद्रा तुकोबांची. अशा प्रक्षिप्त अभंगांचे खरे रचनाकार निनावीच राहिले. शब्दांवर कॉपीराइट नसला, तरी चालीचे तसे नाही. कायद्याने चालीवरचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. लता मंगेशकर यांनी गायलेल्या 'अभंग तुकयाचे'ला चाली लावणारे श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. त्यामुळे त्यातले शब्द कोणालाही मुद्रित करता येतात, पण खळ्यांच्या चालीवर २०७१ अखेरपर्यंत हक्क आहे.