दुकानातील फुलांचा टवटवीतपणा

नागपुरास सीताबर्डीच्या नेताजी फूल बाजारात पहाटे आलेली गुलाबाची जुडी दुपारी मान टाकू लागली की दुकानदार शेतकऱ्यास बोल लावतो आणि शेतकरी वैशाखातील उन्हास. ऊन दोषी आहेच. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या घरात जातो. परंतु त्या जुडीचे आयुष्य बहुधा दुकानात नव्हे, तर फांदी कापल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरलेले असते. म्हणून दुकानातील फुलांची निगा हा विषय शेतकरी बंधूंच्याही कामाचा आहे.

झाडापासून तोडलेले फूल जिवंतच असते. ते श्वसन करते व त्यासाठी स्वतःजवळची साखर खर्च करते. उष्णता १० अंशांनी वाढली की हा खर्च सुमारे दुप्पट ते तिप्पट होतो. पाकळ्यांतून व पानांतून पाणीही सतत उडून जात असते. मुळांचा आधार तुटल्यामुळे ते भरून काढण्यास दांड्यातील बारीक नळ्यांवाचून दुसरा मार्ग उरत नाही. कोरडा कापलेला दांडा उघड्यावर पडून राहिला तर या नळ्यांत हवा शिरते. पुढे बादलीतील पाण्यात सूक्ष्म जंतू वाढून त्या बुजतात. अशा वेळी बादली काठोकाठ भरलेली असूनही फूल तहानेने सुकते. गुलाबाची मान वाकण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

यास्तव फुले पहाटे अथवा सायंकाळी कापावीत व पाण्याची स्वच्छ बादली बांधावर न ठेवता सोबत वाफ्यात न्यावी. गुलाब कळी घट्ट असून बाहेरील एकदोन पाकळ्या सुटू लागल्यावर, ग्लॅडिओलस खालच्या एकदोन कळ्यांना रंग दिसताच आणि निशिगंधाची दांडी खालची पहिली जोडी उमलल्यावर कापावी. जरबेरा मात्र कोवळा काढू नये. त्याचा दांडा पुरा पक्व झालेला नसल्यास तो लवकर वाकतो. ग्लॅडिओलसच्या दांड्या आडव्या ठेवल्यास त्यांचे शेंडे वर वळतात व मग गिऱ्हाईक त्या घेत नाही. त्या उभ्याच ठेवाव्यात.

दुकानात माल येताच प्रत्येक दांड्याचा तळाचा २ ते ३ सेंटिमीटर भाग धारदार चाकूने, शक्यतो पाण्याखाली धरून, तिरपा कापावा. बोथट कात्री दांडा चेंगरते. पाण्यात बुडणारी सर्व पाने काढून टाकावीत, कारण ती कुजून जंतूंना खाद्य होते. बादली रोज घासून धुवावी. ज्या भांड्यातून आपण स्वतः पाणी पिणार नाही त्यात फुले ठेवू नयेत, ही कसोटी पुरेशी आहे. मान टाकलेला गुलाब लगेच फेकू नये. दांडा पुन्हा कापून, जुडी कागदात सरळ गुंडाळून कोमट पाण्यात तासदोन तास गळ्यापर्यंत उभी करावी. पुष्कळशी फुले पुन्हा उभी राहतात.

पाण्यात साखर घालावी काय, असे वारंवार विचारले जाते. घालावी, पण एकटी नव्हे. नुसत्या साखरेने फुलांआधी जंतूंचेच पोषण होते. १० लिटर पाण्यास २०० ग्रॅम साखर व ३ ग्रॅम लिंबूसत्त्व घ्यावे आणि हे पाणी रोज बदलावे. आम्लतेमुळे जंतूंची वाढ मंदावते व पाणी दांड्यात सुलभतेने चढते. काहीजण पाण्यात तांब्याचा पैसा टाकतात. आजचा रुपया पोलादाचा असल्याने त्यापासून काही लाभ होणार नाही.

झेंडू व शेवंती यांची गोष्ट निराळी. ही सुटी फुले पाण्यात उभी करावयाची नसतात. दसऱ्यास, म्हणजे नागपुरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्याही सुमारास, त्यांचे ढीग लागतात. अशा ढिगात हात घालून पाहावा. तो आतून गरम लागतो. ही उष्णता फुलांच्याच श्वसनाची असून तिच्यामुळे मधली फुले काळवंडतात. माल उथळ टोपल्यांत पसरून वर ओले, पण पिळलेले फडके टाकावे. वजन वाढावे म्हणून फुलांवर पाणी ओतण्याची खोड काही ठिकाणी आढळते. त्यामुळे बुरशी धरते, आणि व्यापारी पाण्याचे वजन अंदाजाने वजा करतो ते बहुधा अधिकच करतो.

संत्र्याच्या या मुलखात आणखी एक सावधगिरी हवी. हिरवी बुरशी लागलेल्या संत्र्यातून, तसेच पिकत्या केळ्या-आंब्यांतून, इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने गुलाब व कार्नेशन वेळेपूर्वी गळतात. फळांच्या खोक्याशेजारी फुले ठेवू नयेत.

गुलाबास २ ते ४ अंशांचे शीतगृह उत्तम. ऑर्किड व अँथुरियम यांस मात्र एवढी थंडी सोसत नाही. ज्यांस शीतगृह परवडत नाही त्यांनी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने प्रचारात आणलेला विनाविजेचा शीतकक्ष सावलीत बांधावा. विटांच्या दुहेरी भिंतीत सुमारे ७.५ सेंटिमीटर अंतर सोडून त्यात नदीची वाळू भरावी, ती सकाळ-संध्याकाळ भिजवावी व वर ओले गोणपाट झाकावे. कोरड्या उन्हाळ्यात आतील हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी व अधिकही थंड राहते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पाणी उडत नाही व कक्षाचा उपयोग फारसा होत नाही. त्या दिवसांत टोपल्या मोकळ्या, वाहत्या हवेतच ठेवाव्यात.