दिवसा लांब, रात्री उशाशी!

सांग बरं दोस्ता, रात्री अंथरुणात पडल्यावर लोकलचा भोंगा अगदी उशाशी वाजल्यासारखा वाटतो का? दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या पट्ट्यात रुळांच्या आसपास राहत असशील, तर तू नक्की मान डोलावणार!

आता गंमत बघ. भरदुपारी त्याच रुळांवरून तशीच लोकल जाते आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. रात्री रूळ काही सरकत सरकत तुमच्या सोसायटीजवळ येत नाहीत! मग आवाज कसा येतो?

अर्धं उत्तर सोपं आहे. दिवसा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक, रिक्षा, कंपन्यांच्या बस, सगळ्यांचा नुसता कलकलाट! त्यात बिचारी लोकल बुडून जाते. रात्री रस्ता शांत होतो आणि ती ऐकू येते.

पण उरलेलं अर्धं उत्तर भन्नाट आहे. रात्री आवाज चक्क वळतो!

हो, वळतो! आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४० मीटर पळतो. गरम हवेत तो जरा जास्त जोरात पळतो, गार हवेत जरा हळू. फरक किती? एका अंशाला सेकंदामागे जेमतेम ६० सेंटिमीटर! पण तेवढ्यानेच सगळी जादू होते.

शाळेच्या मैदानावर तुम्ही दहा जण हात धरून एका ओळीत चालताय असं समज. उजवीकडची मुलं भराभर पावलं टाकतात, डावीकडची रेंगाळतात. काय होईल? पीटीच्या सरांनी ‘बाएँ मुड’ म्हणायच्या आधीच अख्खी ओळ डावीकडे वळेल! म्हणजे कुठे? रेंगाळणाऱ्यांच्या बाजूला.

आवाजाचंही तसंच. थंडीतली रात्र, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन पटकन गार होते, तिला चिकटलेली हवाही गार होते. थोडी वरची हवा मात्र अजून उबदार असते. मग आवाजाची वरची बाजू पुढे पळते, खालची मागे राहते आणि ओळ वळते... खाली! जो आवाज आभाळात निघून गेला असता, तो लांबवरच्या घरांवर उतरतो. दिवसा याच्या बरोबर उलट. जमीन तापलेली, म्हणून आवाज वर वळतो. लोकल तिथेच, भोंगा तोच, करामत सगळी हवेची!

कासारवाडीला तर रेल्वे आणि मेट्रो दोन्ही. रेल्वे या मार्गावर १८५८ पासून धावतेय, मेट्रो मात्र ६ मार्च २०२२ ला आली. मेट्रोचे रूळ एकमेकांना जोडून सलग केलेले असतात, म्हणून जुन्या रुळांच्या सांध्यांवर व्हायचं तसं ‘खडाड-खट्, खडाड-खट्’ होत नाही. मला विचारशील तर ते खडाड-खट् जास्त मजेदार होतं!

आणि पाहुण्यांचं काय होतं? चाकणहून मावशी राहायला येते. चाकणला कारखाने भरपूर, पण रेल्वे नाही! मावशी प्रत्येक गाडीला दचकून उठते आणि तू ढाराढूर झोपलेला असतोस किंवा असतेस. कारण रोजचा आवाज तुझ्या मेंदूला पाठ झालाय. ‘ही तर लोकल, झोप!’ असं तो ठरवून टाकतो. पण कुणी तुझ्या नावाने हाक मारू दे, लगेच कान टवकारतो!

कान मात्र कधीच झोपत नाहीत. मोठ्या आवाजाने तुला जाग आली नाही, तरी झोपेतच छातीचे ठोके थोडे वाढतात. म्हणून तर आपल्या देशात घरांच्या वस्तीसाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली आहे. दहा डेसिबल कमी, म्हणजे कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो!

या हिवाळ्यात एक प्रयोग करशील? रुळांजवळ मुळीच जायचं नाही हं, घराच्या गॅलरीतूनच! एकदा भल्या पहाटे लोकल ऐक, एकदा दुपारी. किती वेळ ऐकू आली, ते वहीत लिही. पहाटेसाठी मात्र गजर लाव, कारण जमीन सगळ्यात गार असते ती सूर्य उगवायच्या वेळी!